सरांचा हिशेब

रत्नागिरी

प्रिय भाई,


अर्जाचा मसुदा वाचला. सरांच्या नावाने फुटबॉल स्पर्धा भरवायची तर माझी वर्गणी आत्ताच धर. पण त्याच कागदावर खाली ‘नवीन कोचला समज द्यावी’ हे कलम घुसवलंयस, त्यावर सही करणार नाही. ग्रुपवर हे लिहिलं असतं तर चौघांनी अंगठे टाकले असते आणि दोघं रुसले असते, म्हणून पत्र.

सर मोठेच. क्रिकेटपलीकडे काही न दिसणाऱ्या गावात, जांभ्याच्या खडीवर, आपल्याकडच्या पावसात त्यांनी टीम उभी केली. मिरकरवाड्यातली पोरं बंदरावरून थेट प्रॅक्टिसला यायची, त्यांचा वडापाव सरांच्या खिशातून. पण बॉलच्या कपाटाची किल्ली आठव. काळ्या दोऱ्यात, सरांच्या गळ्यात. सर नाहीत तर बॉल नाही. ते निवृत्त झाल्यावर कपाटात निघालं काय? हवा गेलेले बॉल आणि गंजलेला पंप. कुणाचा गुडघा कधी गेला, कुठल्या कॉलेजात कुणाला फोन केला की मॅच ठरते, कागदावर एक ओळ नाही. विचारायला गेलं तर म्हणे, ‘आठवेल तेव्हा सांगतो.’ नव्या माणसाचं पहिलं वर्ष त्यातच गेलं.

तू आचरेकर सरांचा दाखला दिलायस. ते मालवणचे, म्हणजे त्या काळी आपल्याच जिल्ह्यातले. सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला. त्यांचं नाव निघालं की 1988 च्या हॅरिस शील्डमधली 664 ची भागीदारी निघते. सचिन 326, कांबळी 349, दोघेही नाबाद. मला मात्र त्या डावात पॅड बांधून बसून राहिलेला अमोल मुजुमदार आठवतो. पुढे प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा काढल्या, तरी भारताकडून एक सामना मिळाला नाही. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक हाच. आचरेकर 2019 च्या जानेवारीत गेले होते. शिवाजी पार्कात त्यांचं स्मारक झालं, चांगलंच झालं. पण हिशेब मांडायचा तर मी या शिष्याच्या नावापासून मांडीन. आपल्या सरांच्या हाताखाली बाकावर बसून राहिलेली पोरं आज कुठे आहेत, तुला ठाऊक आहे? मला नाही. खेळलेल्यांचीच नावं आपल्या तोंडी.

फुटबॉलचंच बोलायचं तर भारताचे कोच, हैदराबादचे रहीमसाहेब घे. 1951 आणि 1962 अशी दोन आशियाई सुवर्णपदकं, मधे 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर. 1963 च्या जूनमध्ये कॅन्सरने गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही. साठ वर्षं आपण त्यांचं नाव घेतोय, सिनेमाही काढला. त्यांच्या तोडीची माणसं घडवायची व्यवस्था उभी राहिली नाही, हा दोष मागे राहिलेल्यांचा. आपणही मागे राहिलेलेच की.

परवा मैदानावर गेलो होतो. हल्ली गोलकीपर बॉल उडवत नाही, बॅककडे सरकवतो. चिखलात ते फसतं. माझ्यादेखत एक गोल खाल्ला. कुंपणापाशी छत्री घेऊन सर उभे होतेच, ते ओरडले, ‘उडव रे, मेल्या!’ पोरांनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा कोचकडे. कोच बोलला नाही. नंतर त्याने पोरांनाच विचारलं, काय चुकलं? पहिल्या वर्षाच्या एका पोराने बोट चिखलात फिरवून सांगितलं, मी इथे हवा होतो, तिथे राहिलो. आपल्यात कुणाची छाती होती असं बोलायची? हरताहेत, मान्य. बहुधा यंदाही हरतील.

तर स्पर्धा सरांच्या नावाची, बक्षीस सरांच्या हातून, हार-शाल सगळं रीतसर. फक्त रोज संध्याकाळी कुंपणाशी उभं राहणं थांबायला हवं, आणि हे त्यांना सांगायचं तू. तुझं ते ऐकतात. माझं नाव काढलंस तर उलट दोन तास जास्त उभे राहतील.

खालचं कलम खोडून कागद परत पाठव, सही करतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
लेफ्ट बॅक