डबीवर काहीच लिहिलेलं नव्हतं

गरोदरपणात चेहऱ्यावर काळसर डाग येतात, त्यांना आपल्याकडे वांग म्हणतात. हार्मोन्समुळे येतात, उन्हानं गडद होतात आणि बहुतेक जणींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिके पडतात. हे मी धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं. पण बाळंतपणाला हट्ट्याला माहेरी आलेल्या लेकीला भेटायला रोज बायका येतात, आणि प्रत्येकीची नजर आधी तोंडावर जाते. सातव्या महिन्यात तिनं व्हॉट्सॲपवर एका डबीचा फोटो पाठवला. "ताई, पार्लरवालीनं दिलीय. पंधरा दिवसांत रंग उजळतो म्हणे. लावू का?"

पुण्यात माझ्या टीममधल्या मुली गरोदर राहिल्या की क्रीमवरच्या घटकांचा फोटो ॲपमध्ये टाकतात. रेटिनॉल निघालं की बाटली कपाटात जाते. ते योग्यच आहे. त्याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांमुळे गर्भात व्यंग येतं, म्हणून डॉक्टर या कुळातली मलमंही बंद ठेवायला सांगतात. डाग घालवणारं हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्यापैकी रक्तात उतरतं, म्हणून तेही टाळतात. पण ॲपला घटकांची यादी तर हवी! बहिणीच्या डबीवर एक गोरी बाई आणि एक नाव होतं. घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही. इनपुटच नाही.

अशा डबीत काय असू शकतं ते अकोल्यात कळलं होतं. वसमतहून हिंगोली, वाशीम करत जाणारी आमची रेल्वे जिथं पोचते, तेच अकोला. 2023 मध्ये बातमी आली की तिथली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार झाला. तिघी ब्यूटिशियनकडून घेतलेली एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होणंच अडवतो. त्यामुळे चेहरा खरोखर उजळतो, आणि म्हणूनच ही क्रीम मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाते. डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर आपल्या 2020 च्या नियमांत पाऱ्याला दहा लाखांत एक भाग एवढीच सूट आहे, तीही नकळत आलेल्या. पारा वारेतून गर्भापर्यंत जातो, अंगावरच्या दुधात उतरतो. आईच्या गालाला गाल लावणाऱ्या, तिच्याच टॉवेलनं पुसल्या जाणाऱ्या बाळालाही तो लागतो.

पारा नसेल तर स्टेरॉइड असू शकतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोलसारखी मलमं डॉक्टर खाजेवर, एक्झिमावर मोजून देतात. गरोदरपणात तीव्र स्टेरॉइड मलम भरपूर वापरलं तर बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध दिसलेला आहे. 2018 मध्ये अशी 14 औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. पार्लरमध्ये चिठ्ठी कोण मागतं?

आजीला हे काही पटेना. "कातड्याला लावलेलं कुठं पोटात जातंय?" मी म्हटलं, "आजी, कापसावर फवारताना औषध अंगावर उडालं की माणूस दवाखान्यात न्यावा लागतो. त्यानं ते कुठं प्यालेलं असतं?" आजी गप्प झाली. मग म्हणाली, "बाळाला काजळ तरी घालू देशील का नाही?" बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे, म्हणून डोळ्यात नाही. तीट तळपायाला, एवढ्यावर आमची तडजोड झाली.

बहिणीचा प्रश्न मात्र वेगळा होता. "पुढच्या आठवड्यात सासूबाई येणारेत. मी अशी दिसते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लिहून दिलं, उन्हात पदर घ्यायला सांगितलं आणि डाग आत्ताच घालवायचे असतील तर ते होणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. सासूबाई आल्या. तोंडाकडं बघितलं. काही बोलल्याही. बहिणीनं ते मला सांगितलं नाही, आईकडून कळलं.

डबी परत करायला ती पार्लरमध्ये गेली, तेव्हा मी पाठवलेली अकोल्याची बातमी फोनवर होती. पार्लरवाली मुलगी तिच्याच शाळेतली, दोन वर्षं पुढची. वाचता वाचता म्हणाली, "अगं, पण मी स्वतः लावते ना." मागं झोळीत तिचं पाच महिन्यांचं बाळ झोपलेलं होतं.