नारायणगावच्या राहुट्यांत एक दुपार

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालेला प्रवासी खेड, मंचर मागे टाकून कळंबपाशी घोड नदी उतरला, की आंबेगाव तालुका संपत येतो आणि जुन्नरचे डोंगर दिसू लागतात. आमच्यासारखी मंडळी या वाटेने जातात ती शिवनेरी पाहावयास, नाहीतर लेण्याद्री व ओझर येथील गणपतींच्या दर्शनास. गेल्या चैत्रात आमचेही प्रयोजन याहून निराळे नव्हते. जुन्नरास आमची मावशी असते; तिच्याकडे मुक्काम करून मुलांस किल्ला दाखवावा, एवढाच बेत. परंतु नारायणगावी गाडीचे चाक बसले, दुरुस्तीवाल्याने दोन तास सांगितले, आणि त्या दोन तासांत आम्ही जे ऐकले ते किल्ल्याहून अधिक लक्षात राहिले.

मीना नदीच्या काठचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून प्रसिद्ध आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. कापडाचे एक छोटे खोपट, दर्शनी भागी मालकाच्या नावाची व कलावंतांच्या चित्रांची मोठी पाटी, आत टेबल, चारदोन खुर्च्या, एक वही आणि वहीमागे फडाचा मॅनेजर. फड स्वतः तेथे नसतो. तो कोठल्या तरी गावी आदल्या रात्री खेळ करून झोप काढीत असतो. यात्रेचे पंच गाडी भरून येतात, राहुटी राहुटी फिरतात, तिथी सांगतात, सुपारीचा आकडा ऐकून उठतात, पुन्हा येऊन बसतात, आणि शेवटी विसार देऊन वहीत नाव घालतात. लग्नाच्या बैठकीत जी घासाघीस, जे रुसवे आणि जो चहा असतो तो सर्व येथे आहे. फक्त वधूवर नाहीत. 2020 आणि 2021 साली साथीमुळे यात्रा बंद राहिल्या. कलावंतांनी ती दोन वर्षे कशी काढली असतील, याची कल्पना ती वही पाहिल्यावरच येते. कारण वर्षाची भाकरी तीतच लिहिलेली असते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आमच्या घरात ‘तमाशा’ हा शब्द ‘काय तमाशा चालविला आहे?’ एवढ्यापुरताच येई. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेच असेल. वस्तुतः या कलेशी आपला संबंध जुना आहे. येथून उत्तरेस डोंगर ओलांडला की संगमनेर. तेथला अनंत फंदी ब्राह्मणच होता, आणि त्याच्या फटक्यांतील थट्टामिश्रित उपदेश एके काळी शाळेतल्या पोरांना पाठ असे. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांनी वतन सोडून फड धरला आणि 1945 साली ते विपन्नावस्थेत वारले. पुढे वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ तिकीट काढून पाहताना आपण सर्व कुटुंबीयांसह पोट धरून हसलो. दादा कोंडक्यांचा तो हवालदार आपणांस चालला, कारण तो नाट्यगृहात होता; यात्रेतल्या सोंगाड्याकडे मात्र आपली पाठच राहिली.

नारायणगावचे नाव सर्वतोमुखी केले ते विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी. 1935 साली जन्मलेल्या या कलावतीचा राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा, 1957 आणि 1990 साली, गौरव झाला. 2002 साली ती निवर्तली. आज राज्य सरकारचा तमाशातील जीवनगौरव पुरस्कार तिच्या नावाने दिला जातो. ज्या काळी जात लपविण्याकडे कल होता त्या काळी भाऊ-बापूंच्या या फडाने ती पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिली, ही गोष्ट आम्हांस त्या पुरस्काराइतकीच मोठी वाटते.

परंतु राहुटीत बसलेली म्हातारी मंडळी बोलत होती ती विठाबाईंच्या लावणीविषयी फारशी नव्हे. ती बोलत होती सोंगाड्यांविषयी. गण झाला की गौळण, गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची मावशी, तिची आणि पेंद्याची जुगलबंदी, मग बतावणी, मग वग. दत्ता महाडिक आणि गुलाब बोरगावकर ही जोडी, कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ, अशी नावे निघाली की एकेकाच्या चेहऱ्यावर हसू अगोदर उमटे आणि शब्द मागाहून येत. गंमत अशी, की शब्द आले की आम्हांस हसू येत नसे. सांगणारे दोघे हसून डोळे पुसत, आणि आम्ही सभ्यपणाने मान डोलावीत असू. बतावणी कागदावर नसते. वगाची संहिता लिहिलेली असते, ती तपासताही येते. सोंगाड्याचे बोलणे मात्र त्या रात्री, त्या गावाकरिता जन्मास येते आणि उजाडताच संपते.

ते कसे जन्मास येई हे एका वृद्धाने सांगितले. घोड नदीच्या खोऱ्यातल्या कोणत्याशा गावाचा तो पंच होता. फड दुपारी गावात उतरे. बाकीचे झोपत; सोंगाड्या मात्र चहाच्या दुकानी जाऊन बसे, न्हाव्याकडे दाढी करी, पारावर पान खाई, आणि कोणाची विहीर आटली, कोणाचा बांध कोणी कोरला हे सारे गोळा करी. रात्री वगातल्या राजाच्या राज्यात तेच गाऱ्हाणे निघे. वृद्ध तेव्हा विशीत होता. त्या वर्षी ग्रामपंचायतीने रस्त्यावर दिव्यांचे खांब पुरले होते, पण दिवे आले नव्हते. वगात राजाने शिपायास विचारले, “नगरीत दिवाबत्तीची व्यवस्था कशी आहे?” सोंगाड्या म्हणाला, “फार उत्तम, महाराज. खांब सतरा आहेत, मोजून आलो. दिवे मोजायचे राहिले. अंधारात दिसले नाहीत.” पहिल्या रांगेत सरपंच बसले होते. क्षणभर सारा मांडव स्तब्ध झाला, आणि मग सरपंचच प्रथम हसले. “महिन्यात दिवं लागलं,” वृद्ध म्हणाला, “अर्ज करून वरीस झालं हुतं.”

चाक तयार झाले. आम्ही नमस्कार करून निघालो आणि संध्याकाळी जुन्नरास पोहोचलो.

मावशी पंचाहत्तरी ओलांडलेली आहे. तिचे वडील, आमचे अण्णा, शिक्षक होते; त्यांची सारी नोकरी घोड आणि मीना यांच्या खोऱ्यांतल्या गावोगावी बदल्या होत गेली. रात्री जेवताना वीज गेली. मुलांनी ओरडा केला, आणि मावशी अंधारातून सहज म्हणाली, “खांब सतरा आहेत, दिवे मोजायचे राहिले.”

आमच्या हातातला घास तसाच राहिला. हे कोठले म्हणून विचारता ती म्हणाली, “अरे, हे तर अण्णांचे! दिवा गेला की म्हणायचे. कुठल्याशा बखरीतले आहे, असे सांगत.” मग आम्ही दुपारची हकीकत सांगितली. मेणबत्ती लागेपर्यंत ती काही बोलली नाही. “अण्णा? आणि तमाशाला?” एवढेच एकदा पुटपुटली. पोथी वाचल्यावाचून पाण्याचा घोट न घेणारे अण्णा डोक्यावरून उपरणे घेऊन कोणत्या कनातीमागे उभे राहिले होते, की दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांच्या तोंडून त्यांनी ते ऐकले, हे आता कोण सांगणार? साठ वर्षे एका सोंगाड्याचे वाक्य आमच्या घरात बखरीचे म्हणून नांदले, एवढे खरे.

ताट धुवावयास उठताना मावशीने विचारले, “त्या सोंगाड्याचे नाव काय?”

नाव आम्ही विचारलेच नव्हते. तिसऱ्या दिवशी परतताना मुद्दाम नारायणगावी थांबलो. राहुटी होती, वही होती, मॅनेजरही तोच होता. पण म्हातारबुवा विसार देऊन गेले होते आणि त्यांच्या गावाचे नाव विचारण्याचेही आम्हांस सुचले नव्हते. यात्रेची तिथी तेवढी कानावर पडली होती, चैत्र वद्य अष्टमी. मॅनेजरने वहीचे पान आमच्यापुढे धरले. त्या एका तिथीस त्याच्याकडे तीन गावांनी मागणी केली होती. उरलेली शेजारच्या राहुट्यांत विचारा, म्हणाला.