उमेदवार

नवशिक्या माणसाला मराठीत नावं भरपूर. नवखा, शिकाऊ, होतकरू. खेळात फारच लहान असला तर कच्चं लिंबू. यांत सगळ्यांत लबाड शब्द मला वाटतो तो उमेदवार. आला फारसीतून. उमेद म्हणजे आशा, ती बाळगून असलेला तो उमेदवार.

जुन्या कचेरीत तो पगारी कारकुनाच्या शेजारी मान खाली घालून बसे. बोरू तासून द्यायचे, मोडी कागदांच्या नकला उतरायच्या, ओल्या शाईवर वाळू भुरभुरायची. पगार? छे, उमेद होती ना! कधीतरी जागा रिकामी होईल, वरच्यांची मर्जी बसेल, एवढ्यावर वर्षं निघत. फुकट राबवून घेण्याला इतकं गोंडस नाव क्वचितच कुणी दिलं असेल. तरीही शब्द मला आवडतो. नवखा म्हटलं की समोरच्याला काय येत नाही ते आधी दिसतं. उमेदवाराचं तसं होत नाही. शागीर्दाचं मात्र नशीब फिरलं. तोही फारसीच, मूळचा शिष्य. गाण्यात गंडा बांधून तो शिष्यच राहिला, पण वाड्यात हातापायांवर पाणी घालणारा पोऱ्या झाला. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे आधी साताऱ्याच्या सावकाराकडे असेच शागीर्द होते, असं सांगतात.

शिंप्याच्या दुकानात उमेदवारी म्हणजे काजं-बटणं. पोराच्या हाती कात्री लवकर येत नाही. बटण चुकलं तर उसवता येतं. कापड चुकलं तर गिऱ्हाईक जातं. काजाच्या कडेला टाका टाक्याला चिकटून बसला नाही, की मास्तर काही न बोलता ब्लेडनं दोरा कापतो आणि शर्ट परत त्याच्या मांडीवर टाकतो. बोलला असता तर बरं, असं वाटावं इतकं ते गप्प बसणं बोचतं.

१९६१ सालच्या कायद्यानं कारखान्यांतल्या अशा मुलांना विद्यावेतन दिलं. सरकारी मराठीत त्यांचं नाव पडलं ‘शिकाऊ उमेदवार’. ‘शिकाऊ’ जोडणं भागच होतं, कारण नुसता उमेदवार निवडणुकीनं केव्हाच पळवला होता. म्हणून एसटीच्या कार्यशाळेत ग्रीसच्या हातांनी दहा-अकराचा पाना पुढे करणारा तो शिकाऊ उमेदवार, आणि आमदारकीला उभा राहणारा नुसताच उमेदवार. त्याला शिकाऊ म्हणायची सोय कुठल्याही कायद्यात नाही.