आमचा पॉलिशचा प्रयोग

आम्ही कारकून माणूस. दिवसभर ऑफिसातल्या फायली आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज, एवढाच आमचा व्याप. स्वतःची मोटार आमच्या दारात कधी उभी राहिली नाही. तरीही आज मोटारीच्या पॉलिशवर लिहायला बसलो आहोत. कारण पॉलिशच्या एका डब्याने आम्हाला चांगलाच धडा शिकवला आहे.

आमचे वडील मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवीत. गाडी अर्थातच मालकाची, प्रीमियर पद्मिनी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. ती बातमी वाचताना आम्हाला वडिलांचे रविवार आठवले. दिवाळीच्या आधी ते रबिंग कंपाउंडचा डबा आणीत. आम्ही भावंडे जुन्या धोतराचे फडके घेऊन बॉनेट घासायचो. फडके काळे व्हायचे आणि खालून आरशासारखा रंग निघायचा. फडके जितके काळे, तितकी मेहनत खरी, असे वडील म्हणत.

ही विद्या आम्हाला येते, असा आमचा समज होता.

आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाने पतपेढीचे कर्ज काढून एक जुनी चंदेरी गाडी घेतली, प्रवासी भाड्याची. जामीन अर्थातच आम्ही. गेल्या उन्हाळ्यात एका कंपनीकडे महिन्याच्या ठरावावर गाडी लावण्याची संधी आली. कंपनीचा माणूस सोमवारी गाडी बघायला येणार होता. गाडी उन्हात आणि झाडाखाली उभी राहून निस्तेज झाली होती. बॉनेटवर पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग होते. भाचा काळजीत पडला. आम्ही म्हणालो, "अरे, त्यात काय? तुझ्या आजोबांच्या हाताखाली शिकलोय आम्ही."

रविवारी भर दुपारी कंपाउंड आणले आणि लागलो घासायला. गंमत अशी की फडके काळे होईना, नुसते पांढरे राहिले. मेहनत कमी पडते आहे असे वाटून आम्ही आणखी जोर लावला. तासाभराने भाचा ओरडला, "मामा, थांबा!" बॉनेटच्या कडेला तळहाताएवढा भाग खडूसारखा पांढुरका झाला होता. पुसूनही जाईना.

सोमवारी कंपनीच्या माणसाने बॉनेटकडे बघितले आणि "आधी नीट करून आणा" म्हणाला. बॉनेट पुन्हा रंगवावे लागले. आठवडाभर गाडी गॅरेजात, धंदा बंद. भाचा आम्हाला एका शब्दानेही बोलला नाही. फक्त एवढेच म्हणाला, "मामा, हप्ता पाच तारखेला आहे." तो हप्ता आम्ही भरला. पण त्या वाक्याने मान खाली गेली ती गेलीच.

गॅरेजातल्या पेंटरने आमची चूक समजावून सांगितली. वडिलांच्या टॅक्सीवर वरपासून खालपर्यंत सरळ रंगच असे. म्हणून घासले की रंग फडक्याला लागायचा. आताच्या गाड्यांवर बहुतेक वेळा खाली अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन आणि त्यातला लॅकरचा थर ४०-५०. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आम्ही केसाहून पातळ वस्तूवर जोर काढत होतो! उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. तो घासून गेला की खालचा रंग उघडा पडतो आणि पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज राहत नाही.

वाचकहो, आपल्या घरांतून टॅक्सी, ओला-उबेर किंवा शाळेची व्हॅन चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी, ठेच लागल्यावर शिकलेले चार शब्द सांगतो.

दुकानात 'पॉलिश' या एका नावाखाली दोन उलट्या वस्तू मिळतात. एक काढणारी, दुसरी चढवणारी. कंपाउंड आणि खरे पॉलिश यांत बारीक खर असते. ते ओरखडे काढते, पण थोडा थर घेऊन जाते. ते गरजेपुरतेच वापरावे, आणि कडांवर तर फारच हलक्या हाताने. वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग हे वरून बसणारे कवच. रंगाचे रक्षण हे करतात. म्हणून डबा घेताना आधी विचारावे, हा काढणारा की चढवणारा?

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळते. त्याची झळाळी सुरेख, पण आपल्या ऊन-पावसात महिना-दोन महिने टिकते. कृत्रिम सीलंट चार-सहा महिने जाते. सिरॅमिक कोटिंग वर्ष-दोन वर्षे किंवा जास्त टिकते, पण ते महाग असते आणि आधी पृष्ठभाग अगदी स्वच्छ तयार करावा लागतो. नाहीतर खालचे डाग आणि ओरखडे तसेच झाकले जातात.

आम्ही बी.कॉम. झालेले, म्हणून डब्याची किंमत न बघता महिन्यांचा हिशेब मांडला. वॅक्स म्हणजे वर्षातून निदान सहा वेळा अर्धा दिवस धंदा बुडवणे. सीलंट दोन-तीनदा लावले की झाले. रोजच्या भाड्याच्या गाडीला सीलंट परवडते. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर, एकदा दिवाळीनंतर. मधे पाणी ओतून बघावे. गोल थेंब होऊन घरंगळले तर कवच शाबूत, पसरून राहिले तर पुन्हा लावायची वेळ झाली.

लावायचे ते सावलीत, गाडी थंड असताना, धुऊन-वाळवून आणि पातळ थरात. काळ्या प्लॅस्टिकवर लावू नये, पांढरे डाग पडतात. पक्ष्यांची विष्ठा दिसताच पाण्याने भिजवून काढावी. उन्हात ती लॅकर खाते. कपड्यांच्या पावडरीने गाडी धुतली तर कवचही निघून जाते. आणि धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. आपण सकाळी घाईत नेमके हेच करतो, आणि बारीक ओरखडे तिथूनच येतात.

ठराव पुढच्या महिन्यात मिळाला. यंदा पावसाळ्यापूर्वी भाच्याने सीलंट आणले आणि आम्हाला बोलावले. आम्ही बादली घेऊन गेलो. त्याने मऊ फडके हातात दिले आणि हसून म्हणाला, "मामा, हळू हं." आम्ही हळूच लावले. फडके पांढरेच राहिले, आणि या वेळी ते बघून आम्हाला बरे वाटले.