पाण्याचा भार आणि अवजारांची जागा
मनाली ते लेह : सायकलप्रवासाची दैनंदिनी (भाग दुसरा)

दिवस चौथा : जिस्पा ते झिंगझिंगबार

रोहतांगची 3,978 मीटर उंचीची खिंड आणि लाहौलमधील वाटाणा-बटाट्याची शेते मागे पडल्यावर हा रस्ता दारच्याला पोहोचतो. दारच्याच्या पुढे कायम वस्तीची गावे संपतात आणि उन्हाळ्यापुरते उभारलेले तंबूंचे ढाबे एवढाच सायकलस्वाराचा आधार उरतो. सह्याद्रीत थोड्या थोड्या अंतरावर एखादी वाडी किंवा देवळापाशी नळ लागत असल्याने एका बाटलीवर निभावते. येथे मात्र पाणी किती घ्यावे आणि ते कोठे बांधावे, याचा निर्णय रोज सकाळी नव्याने करावा लागतो.

पथकाजवळ पाणी वाहण्याच्या दोन रीती होत्या. पहिली बॉटल केजची, म्हणजे सायकलच्या चौकटीवर 64 मिलिमीटर अंतरावरील दोन स्क्रूंनी बसवलेल्या पिंजऱ्याची. या रीतीत भार खाली राहतो आणि पाठ मोकळी असते. परंतु पुढच्या चाकाने उडवलेला चिखल बाटलीच्या तोंडावर बसतो, आणि मागेही सस्पेन्शन असलेल्या चौकटीत एका लहान बाटलीपुरतीच जागा असते. दुसरी रीत हायड्रेशन पॅकची, म्हणजे दोन-तीन लिटर पाणी मावणारी लवचीक पिशवी पाठीवर घेऊन तिच्या नळीने पाणी पिण्याची. तिचा उगम रुग्णसेवेच्या साहित्यात आहे : अमेरिकेतील टेक्सासच्या कडक उन्हात होणाऱ्या शंभर मैलांच्या सायकलफेरीसाठी मायकेल आयडसन या रुग्णवाहिका-कर्मचाऱ्याने सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीवर बांधली, आणि त्यातूनच 1989 च्या सुमारास ‘कॅमलबॅक’ आकाराला आली. हँडलवरचा हात फार वेळ सोडता येत नाही अशा खडबडीत उतारावर या नळीची उपयुक्तता निर्विवाद आहे.

दिवस पाचवा : झिंगझिंगबार ते सरचू

बारालाचा खिंड 4,890 मीटर उंचीवर आहे. पहाटे निघालेल्या पथकातील एका नळीत पाणी गोठले होते, त्यामुळे पाठीवर भरलेली पिशवी असूनही त्या स्वाराला पहिले दोन तास दुसऱ्याच्या बाटलीवर अवलंबून राहावे लागले. यावरचा उपाय साधा आहे : प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून उरलेले पाणी पिशवीत परत ढकलावे. बाटल्यांच्या बाबतीत, बर्फ वरून खाली धरत जात असल्यामुळे रात्री त्या उलट्या ठेवाव्यात, म्हणजे सकाळी सरळ करताच तोंडाशी पाणी मिळते.

खिंडीपलीकडच्या उतारावर अवजारांचा प्रश्न पुढे आला. पाठीवरच्या पिशवीत लोखंडी अवजारे ठेवून स्वार पडला, तर तीच अवजारे पाठीच्या कण्यावर आदळण्याचा धोका असतो. म्हणून ती खोगिराखालच्या सॅडल बॅगेत किंवा चौकटीच्या त्रिकोणातील फ्रेम बॅगेत कापडात घट्ट गुंडाळून ठेवणे श्रेयस्कर ठरते. या गुंडाळीत 4, 5 व 6 मिलिमीटरच्या ॲलन की असलेले मल्टीटूल, चेन तोडण्याचे व जोडण्याचे साधन, टायर लिव्हर, पंक्चरचे सामान आणि एक सुटा डिरेलर हँगर होता. डिरेलर हँगर म्हणजे मागचे गियर बदलणारी यंत्रणा चौकटीला जोडणारा लहानसा तुकडा. आघात झाल्यास चौकटीऐवजी तो वाकावा किंवा तुटावा, यासाठी तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. निरनिराळ्या चौकटींचे हँगर निरनिराळे असल्याने तो वाटेत मिळेल अशी आशा धरता येत नाही.

दिवस सहावा : सरचू ते व्हिस्की नाला

सरचूच्या उंचीवर पाणी सुमारे 86 अंश सेल्सियसला उकळते. तरीही चांगली उकळी आलेले पाणी पिण्यास सुरक्षित असते. पथकातील प्रत्येकाने असे चार लिटर पाणी बरोबर घेतले, म्हणजेच चार किलो वजन वाढवले. त्यातील बाटल्यांचे पाणी आधी संपवण्याचे ठरले होते. एवढे पाणी घेण्याचे कारण असे की, पुढे गाटा लूप्स ही एकवीस वळणांची चढण असून तिच्यावर ढाबा नाही, आणि पायथ्याच्या त्सारप नदीचे गढूळ पाणी निवळल्याशिवाय गाळणीत घातले, तर गाळणीची छिद्रे बुजतात.

या वळणांवर एक लहानसे स्थान आहे. बर्फात अडकलेल्या ट्रकचा क्लीनर मदतीची वाट पाहत येथेच तहानेने मरण पावला, अशी आख्यायिका सांगितली जाते, आणि त्याच्यासाठी वाटसरू पाण्याच्या बाटल्या ठेवतात. तहानलेल्याविषयीची ही करुणा आदरास पात्र आहे. तथापि तेथे साचलेला प्लास्टिकचा ढीग डोंगराने सोसावा, हे कोणत्याही श्रद्धेला शोभणारे नाही.

दिवस सातवा : व्हिस्की नाला ते पांग

लाचुलुंग खिंड सकाळीच ओलांडून पथक दुपारी पांगला पोहोचले. पाणी पुरले, अवजारांची गरज पडली नाही.

दिवस आठवा : पांग ते देब्रिंग

मोरे हे सुमारे 4,700 मीटर उंचीवरचे विस्तीर्ण पठार आहे. तेथे मागचे एक टायर पंक्चर झाले आणि नवी ट्यूब घालूनही पंप मारणाऱ्याला धाप लागली. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 57 टक्केच असल्याने पंपाच्या प्रत्येक दाबाबरोबर तितकीच कमी हवा आत जाते, आणि किनाऱ्यावर शंभर वेळा पंप मारून भरणारे टायर येथे सुमारे पावणेदोनशे वेळा मारल्यावर भरते. पंप चौकटीवर बॉटल केजशेजारी पट्ट्याने बांधलेला असल्यामुळे सामान उपसावे लागले नाही, हेच त्या जागेचे समर्थन.

या टप्प्यांवरून निष्कर्ष स्पष्ट होतो : अवजारे आणि जड पाणी सायकलवर असावे, पाठीवर फक्त उतारावर लागेल तेवढेच पाणी असावे, आणि किती पाणी घ्यायचे हे पिशवीच्या मापावरून न ठरवता पुढचे खात्रीचे पाणी किती दूर आहे यावरून ठरवावे. या मार्गावर येणाऱ्यांनी पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्याच आणाव्यात आणि रिकामी झालेली प्रत्येक प्लास्टिकची बाटली लेहपर्यंत बरोबर न्यावी.