आजोबांचे दप्तर

आज संततधार पावसामुळे बाहेर पडणे झाले नाही, म्हणून आजोबांचे दप्तर सोडले. कल्याणच्या पारनाक्यावरून रोज ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत कारकुनीस जाणाऱ्या, आणि परतताना १८६४ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात घटकाभर बसल्यावाचून घरी न येणाऱ्या त्या मितभाषी गृहस्थाने मागे ठेविले ते एवढेच: लाल खारव्यात बांधलेले दस्तऐवज, साऱ्याच्या पावत्या आणि कुळाने भरलेल्या हप्त्यांचा, टाकाने रेखीव मांडलेला हिशेब. १९४८च्या कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळच जमिनीचे मालक मानले गेले, तेव्हा आप्तांपैकी कित्येकांनी कोर्टकज्जे आरंभिले. आजोबांनी मात्र, ज्याच्या मेजावरून सरकारी हुकूम जातात त्यानेच पळवाट शोधणे अश्लाघ्य होय, असे म्हणून कुळाला ओटीवर बसविले आणि सातबाराचा उतारा स्वतः वाचून दाखविला. आजीने आठ दिवस अबोला धरला, आणि मला विचाराल तर तिचेही काही चुकले नव्हते. भाताची पोती थांबली ती तिच्या कोठीतली. त्या शेतावर आज डोंबिवलीच्या इमारती उभ्या आहेत. आमच्या वाट्यास वाचनालयाचे सभासदत्व तेवढे आले. त्याची वर्गणी मी नेमाने भरतो, पुस्तके मात्र सूनबाई आणते.