टॉवेलच्या गावातली शाळा

३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स कंपनीने आपल्या सगळ्या गिरण्या बंद केल्या. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं कॅनापोलिस हे तिचं मुख्य ठिकाण. कॅनन घराण्याच्या गिरणीभोवती वसलेलं हे गाव. एके काळी कामगारांची घरंसुद्धा गिरणीच्याच मालकीची होती. चादरी आणि टॉवेल यांवर पिढ्या जगल्या. त्या बंदीने एकट्या या राज्यात चार हजारांहून जास्त लोकांचं काम गेलं.

मी तेव्हा जवळच राहत होते. कम्युनिटी कॉलेजात प्रौढांना गणित शिकवायला माणसं हवी होती, म्हणून गेले. खरं कारण मात्र वेगळं होतं. मी सोलापूरची. बाबा गिरणीत, साचेखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर थकलेल्या देण्यांसाठी ते कित्येक वर्षं युनियनच्या ऑफिसात खेटे घालत होते. नवं काही शिका, तोवर घर आम्ही चालवतो, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. इथे सरकार तसं म्हणत होतं, आणि ते कसं पार पडतं हे मला जवळून बघायचं होतं.

ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स ही ती योजना, १९६२ साली केनेडींच्या काळात सुरू झालेली. परदेशी मालाला दार उघडल्याने देशाचा फायदा होतो, तर त्यापायी ज्यांच्या पोटावर पाय येतो त्यांना देशानेच सावरावं, हा तिच्यामागचा विचार मला आजही न्यायाचा वाटतो. तीन कामगार मिळूनही अर्ज करू शकत. काम जाण्यात आयातीचा महत्त्वाचा वाटा आहे हे श्रमखात्याला पटलं की मंजुरी. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला होता आणि कापडाचे आयात-कोटे १ जानेवारी २००५ला पुरते उठणार होते. कॅनापोलिसला मंजुरी मिळाली.

मिळायचं काय? शिक्षणाची फी, बेकारभत्ता संपल्यावरही वर्गात बसाल तोवर दर आठवड्याला पैसे, आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यातला ६५ टक्के भाग. उरलेले ३५ टक्के पगार बंद असलेल्या घराने कुठून आणायचे, याचं उत्तर माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी विमा सोडून दिलं.

वर्गात पन्नाशीचे लोक होते. सोळा-सतराव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत शिरलेले, कारण गिरणीत दाखला कुणी मागत नव्हतं. आता प्रत्येक दारात तो लागत होता. टॉवेलच्या काठांना शिलाई घालणारी एक बाई माझ्या समोरच्या बाकावर बसायची. तिला नर्स व्हायचं होतं. अपूर्णांकांशी तिची झुंज चालायची, पण एका गठ्ठ्यात किती डझन आणि त्याचे किती पैसे हा हिशेब ती डोळे मिटून करायची. मग मी अपूर्णांक टॉवेलांवरच शिकवायला लागले. मी कुठली, हे तिने एकदा विचारलं. मी भारत म्हटल्यावर ती म्हणाली, "हल्ली दुकानात टॉवेल उलटून बघितला की तुमचंच नाव असतं." आवाजात राग नव्हता. मी तिला सोलापूरबद्दल सांगितलं: आमच्याकडेही टॉवेलच होतात, घरोघरी माग आहेत, आणि माझ्या वडिलांचंही काम असंच गेलं. तिने लगेच विचारलं, "मग त्यांना काय मिळालं?" तिच्या त्या प्रश्नाची मला इतकी लाज वाटली नसती, जर माझ्याकडे सांगायला काही असतं.

अडचण होती ती मुदतींची. मंजुरीनंतर आठ आठवडे किंवा काम गेल्यानंतर सोळा, यांत जे उशिरा येईल त्याच्या आत शिक्षणात नाव घालायचं, नाहीतर साप्ताहिक पैसे हुकायचे. तीस वर्षं एका खात्यात घालवलेल्या माणसाला ज्या दिवसांत झोपही लागत नाही, त्याच दिवसांत उरलेल्या आयुष्याचा धंदा ठरवायचा. पैसे मिळण्याची मुदत बेकारभत्ता धरून १०४ आठवडे, आणि पायाभूत शिक्षणाची गरज असेल तर आणखी २६. हायस्कूलच्या बरोबरीचा दाखला मिळवण्यातच ज्याचं वर्ष जातं, त्याला या गणितात दोन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम बसतच नाही.

पन्नाशी ओलांडलेल्यांना दुसरी वाट होती: शिक्षण सोडा, कमी पगाराची नोकरी धरा, फरकाची निम्मी रक्कम सरकार देईल, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर. पण नोकरी २६ आठवड्यांच्या आत मिळायला हवी. साचे दुरुस्त करणारा, हाताने अतिशय कुशल असा एक गृहस्थ या वाटेने निघाला होता. त्याच गावात त्याच महिन्यांत हजारो जण नोकरी शोधत होते. त्याला ती मुदतीनंतर मिळाली, एका गोदामात. फरकाचा एक डॉलरही त्याच्या हाती आला नाही.

शिलाईवाल्या त्या बाईने दाखला मिळवला. तेव्हा तिच्याकडे उरलेल्या आठवड्यांत नर्स होणं शक्य नव्हतं, म्हणून तिने रुग्णसेविकेचा छोटा अभ्यासक्रम घेतला आणि वृद्धाश्रमात लागली. पगार गिरणीपेक्षा कमी. तरीही ही मदत नसती तर ती वर्गापर्यंतच आली नसती, हे ती स्वतः सांगायची आणि मीही सांगते.

१ जुलै २०२२ पासून या योजनेत नव्या अर्जांना मंजुरी देणंच थांबलंय. अमेरिकी काँग्रेसने मुदत वाढवली नाही. योजना पुन्हा सुरू व्हायला हवी. आणि झाली, तर माझ्या वर्गातल्या लोकांसारख्यांची दोन वर्षं मोजायची ती हायस्कूलचा दाखला हाती पडल्या दिवसापासून.